उमेदवारी की कॉलेज?

मुलगा दहावी पास झाला की घरात एकच बोलणे निघते. आता पुढे काय? आई म्हणते, "कॉलेजात घालू." चुलता म्हणतो, "माझ्याबरोबर मुंबईला येऊ दे. कुठेतरी कामाला लावतो." बाप गप्प बसतो, कारण पैसा त्याला उभा करायचा असतो. मुलीच्या बाबतीत पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी काढतच नाही. तोही काढायला हवा.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. हाच प्रश्न घेऊन कितीतरी आईबाप आमच्याकडे येत. आज आपण त्याचा नीट विचार करू.

उमेदवारी म्हणजे काय?

निवडणुकीला उभे राहतात ती उमेदवारी वेगळी. जाणत्या कारागिराच्या हाताखाली राहायचे आणि काम करता करता धंदा शिकायचा, हीसुद्धा उमेदवारीच. सुताराचा, लोहाराचा, सोनाराचा पोरगा असाच शिकत आला. कारखान्यात अशा मुलाला शिकाऊ उमेदवार किंवा अप्रेंटिस म्हणतात.

अशा शिक्षणाने माणूस कुठवर जातो? मुंबईतली एक खरी हकीकत ऐका.

जावजी दादाजी यांची हकीकत

मुंबईत गिरगावला लागूनच काळबादेवी आहे. तिथे कोलभाट गल्लीत निर्णयसागर नावाचा मोठा छापखाना होता. तो जावजी दादाजी चौधरी यांनी काढला. जावजींचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी. शाळा फारशी झाली नाही. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम नावाचे साहेब मराठी अक्षरांचे खिळे तयार करीत.

खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे खिळे नव्हेत. पूर्वी छापण्यासाठी एकेका अक्षराचा धातूचा तुकडा असे. त्याला खिळा म्हणत. तो करणे सोपे नव्हते. आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा झाला ठसा. तो ठसा तांब्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा साचा उठे. त्या साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार होई. ठशात केसभर चूक झाली, तर ती प्रत्येक खिळ्यात उतरे आणि हजारो पानांवर दिसे.

असले काम नुसत्या पुस्तकातून येत नाही. नजर बसावी लागते. हात बसावा लागतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतात ना? जावजी काम करता करता शिकले. पुढे त्यांनी इतर छापखान्यांतही नोकरी केली. १८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना घातला. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. राणोजी रावजी आरू हे ठसे कोरणारे कसबी कारागीर त्यांचे सोबती होते. १८६९ साली निर्णयसागर छापखाना निघाला. त्याची अक्षरे इतकी सुबक, की देशभर त्याचे नाव झाले.

आता दुसरी बाजू पाहा. याच मुंबईत १८५७ साली विद्यापीठ निघाले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. दोघेही मोठे विद्वान झाले. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळात, कोणी कॉलेजात शिकून मोठा झाला, तर कोणी छापखान्यात शिकून.

निर्णयसागराने १८८६ सालापासून 'काव्यमाला' छापायला घेतली. त्यात जुने संस्कृत ग्रंथ छापले. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे विद्वान ते ग्रंथ तपासून देत. कारागीर ते छापीत. पंडित नसता तर पुस्तक अशुद्ध राहिले असते. कारागीर नसता तर ते निघालेच नसते. मग यांत थोर कोण आणि हलका कोण?

पण घाई करू नका

हे वाचून कोणी म्हणेल, "झाले तर! पोराला लावू कामाला." थांबा. जावजींच्या बरोबर छापखान्यात लागलेले सगळेच काही छापखान्याचे मालक झाले नाहीत. शिवाय ते लहान वयात कामाला लागले, ते आज चालणार नाही. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणे हा आज गुन्हा आहे. त्या वयाची जागा शाळेतच.

आणखी एक गोष्ट. ज्या खिळ्यांनी जावजींना नाव दिले, ते खिळेही आता गेले. छपाईची अक्षरे संगणकावर जुळू लागली. ज्याला खिळे जुळवण्यापलीकडे काही येत नव्हते, त्याची पंचाईत झाली. ज्याची नवे शिकण्याची तयारी होती, तो तरला. म्हणून हातात कसब हवे, आणि वाचन सुटता कामा नये.

उमेदवारीत फसगतही होते. काही ठिकाणी "शिकायला ठेवतो" म्हणतात आणि वर्षभर झाडलोट करून घेतात. चहा आणायला पाठवतात. यंत्राला हात लावू देत नाहीत. हे शिक्षण नव्हे. ही फुकटची राबणूक.

कायदा काय म्हणतो?

यासाठीच १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्यातल्या या गोष्टी ध्यानात ठेवा.

मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. नगावर पैसे देऊन त्याला राबवता येत नाही. काम शिकताना इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाची. शिक्षण पुरे करून परीक्षा पास झाल्यावर सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते. मात्र त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच, असे नाही. ते करारात काय लिहिले आहे, ते पाहून घ्यावे.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर करारावर पालकाची सही लागते. मंडळी, ती सही तुमची! करार पुरा वाचा. शब्द अडला तर विचारा. न वाचता सही करणे आणि अंगठा उठवणे यांत फरक तो काय?

मग कोणती वाट धरावी?

डॉक्टर, वकील, शिक्षक व्हायचे असेल तर कॉलेजला पर्याय नाही. मुलाला वा मुलीला पुस्तकांची गोडी असेल, तर पोटाला चिमटा घेऊनही शिकवावे. पण दुसऱ्याने घातला म्हणून आपणही कॉलेजात घालायचा, याला अर्थ नाही. डोके यंत्रात रमत असेल, तर आयटीआय आणि उमेदवारी ही मानाची वाट आहे. ती मुलींनाही मोकळी आहे.

आणि एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे हाताने सुरुवात केलेला मुलगाही पदवीपर्यंत पोचू शकतो.

तेव्हा चुलता म्हणाला, "कामाला लावतो," तर त्याला तीन प्रश्न विचारा. शिकवणार कोण? लेखी करार आहे का? शेवटी प्रमाणपत्र मिळणार का? तिन्हींचे उत्तर नीट मिळाले, तर पोराला खुशाल पाठवा. उत्तर नाही मिळाले, तर मुंबई कितीही मोठी असो, पोराला घरीच ठेवा आणि दुसरी जागा शोधा.

वर्गात बोला
१. खिळा कसा तयार होत असे?
२. करार वाचल्याशिवाय सही का करू नये?
३. तुमच्या गावात कोणता धंदा शिकण्याजोगा आहे? तो नीट शिकवणारे कोण आहे?