घंटेला हात लावण्याआधी

सई बाळा,

सासरेबुवांनी त्यांच्या वडिलांची इंजिनावरची घंटा तुम्हा दोघांच्या नावे ठेवली आणि ती आता गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनशेजारी बसली आहे, हे ऐकून मला हसू आलं आणि थोडी धडकीही भरली. आपल्याकडे शिटी इंजिनाची आणि घंटा स्टेशनाची. पुष्कळ ठिकाणी तर रुळाचा टांगलेला तुकडाच घंटेचं काम करायचा. अमेरिकेत मात्र घंटा इंजिनाच्या पाठीवर, आणि तीही कायद्यानं. इलिनॉयच्या जुन्या कायद्यात निदान ३० पौंडांची घंटा सांगितली होती. फाटकाच्या पाव मैल आधीपासून ती किंवा शिटी वाजत राहायला हवी. पुढे वाफेची इंजिनं भंगारात निघाली, तेव्हा अशा घंटा चर्चना, शाळांना, निवृत्त होणाऱ्या कामगारांना देऊन टाकल्या.

पेनसिल्वेनियात चाळीस वर्षं काढताना अशी एक माझ्याही हाती आली. तिच्या बाबतीत करता येतील तेवढ्या चुका मी करून ठेवल्या आहेत. तुला नवीन शोधायची गरज नाही.

१. पहिला महिनाभर चिंच, पितांबरी, ब्रासो काहीही लावू नकोस – रंगाच्या खपल्या आणि काजळी हाच तिचा जन्मदाखला. मी माझी आरशासारखी लखलखीत केली आणि मग वर्षभर तिचं मूळ शोधत बसलो. घाईनं घासलं, मोल नासलं.

२. हलवण्याआधी लोलक जुन्या टॉवेलात गुंडाळ आणि घंटा दोरीनं चौकटीला जखडून टाक – ती झुलण्यासाठीच बनवलेली आहे. एकदा झुलली आणि मधे माझं बोट सापडलं. नवं नख यायला चार महिने लागले.

३. एकटीनं उचलू नकोस, जावईबापूंनाही शूर होऊ देऊ नकोस – चौकटीसकट वजन दोनशे पौंडांच्या घरात सहज जातं, आणि कमरेचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

४. फ्रिजवरचं चुंबक लावून बघ – घंटेला चिकटलं तर ती पोलादाची किंवा बिडाची, म्हणजे बहुधा शेतावरची नाहीतर शाळेची. ओहायोतल्या हिल्सबरो गावच्या सी. एस. बेल कंपनीनं तशा पुष्कळ ओतल्या. चौकटीला चिकटलं तर मात्र घाबरू नकोस, ती लोखंडी असू शकते.

५. आवाज बघायचा तर बोटाच्या पेरानं टकटक कर, हातोडीनं नाही – घंटा काशाची असेल तर त्यात तांब्याबरोबर कथील असतं, आजीच्या काशाच्या वाटीत होतं तेच, म्हणून आवाज खणखणीत आणि स्वभाव ठिसूळ. ‘बद्द’ वाजली तर चीर शोध. फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल १८४६ मध्ये चीर वाढल्यावर पुन्हा तशी वाजलीच नाही.

६. रात्री गॅरेजचा दिवा बंद कर आणि टॉर्च आडवी धरून घंटेची कड, खांदा आणि चौकट इंच इंच बघ – समोरच्या उजेडात लपलेले आकडे आडव्या उजेडात सावली टाकतात.

७. आकडा दिसला की त्यावर बटर पेपर धरून पेन्सिलीची बाजू हलकेच फिरव – फोटोत ३ आणि ८ जुळे भाऊ दिसतात. त्या जुळ्यांपायी मी सहा महिने भलत्याच इंजिनाच्या मागे होतो.

८. प्रत्येक आकड्याला इंजिनाचा नंबर समजू नकोस – उठावाचा ओतीव आकडा बहुधा साच्याचा असतो, ठोकून उमटवलेला इंजिनाचा असू शकतो. त्यातून वर्कशॉपात घंटांची अदलाबदल व्हायची, म्हणून ‘आहे’पेक्षा ‘असावी’ बरं.

९. वरचं बोंड, दोरी बांधायचा दांडा, गंजलेले बोल्ट, सगळं एका डब्यात जपून ठेव – पुढेमागे विकायची झाली तर घेणाऱ्याला पूर्ण संच हवा असतो. बोंड हरवलेली घंटा म्हणजे मुंडावळ्यांविना नवरदेव.

१०. आजेसासऱ्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर जुन्या कागदांत शोध – पहिले तीन आकडे ७०० ते ७२८ मधले असतील तर माणूस रेल्वेचाच. १९६३ पर्यंत तो गट रेल्वेवाल्यांसाठी राखलेला होता.

११. त्यांची पेन्शनची फाइल मागवून बघ – रेलरोड रिटायरमेंट बोर्डाच्या बंद झालेल्या जुन्या फायली अटलांटाच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ठेवल्या आहेत. सापडली, तर घरातली गोष्ट आणि सरकारी कागद शेजारी शेजारी बसतात.

१२. रेल्वे कुठली ते कळलं की त्याच दाराची कडी वाजव – पेनसिल्वेनिया रेलरोडचे कागद डेलावेअरच्या हॅग्ली ग्रंथालयात, बर्लिंग्टनचे शिकागोच्या न्यूबेरीत, ग्रेट नॉर्दर्नचे मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत. इंजिन बाल्डविनचं निघालं तर डॅलसच्या डीगोलायर ग्रंथालयाला लिही. या कारखान्यानं सत्तर हजारांवर इंजिनं बांधली आणि आपल्या डब्ल्यूपी इंजिनांची पहिली सोळा १९४७ साली तिथूनच आली.

१३. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना या रविवारीच फोन कर आणि ऐकलेलं तारीख घालून, सही घेऊन लिहून ठेव – आठवण माणसाबरोबर जाते, कागद मागे राहतो. निरोपाच्या समारंभाचा फोटो किंवा घंटा दिल्याचं पत्र निघालं, तर ते घंटेइतकंच जप. बिनकागदाची घंटा, नुसता वजनाचा तंटा.

१४. नणंदेला आधी विचार, मृत्युपत्रात नाव तुमचं असलं तरी – वस्तू विकली गेली की सगळ्यांच्याच आठवणींना धार येते.

१५. सासरे गेले त्या दिवशीची बाजारकिंमत जाणकाराकडून लेखी घे – नफा त्या आकड्यापासून मोजतात, आणि संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हा कागद माझ्याकडे नव्हता. कराचा फॉर्म भरताना घाम फुटला.

१६. म्युझियमला ओळख विचार, किंमत विचारू नकोस – भाव सांगणं ती मंडळी टाळतात. दान द्यायचं मनात आलं आणि ५,००० डॉलरांवर करसवलत हवी असली, तर पात्र मूल्यांकनकर्त्याचा दाखला लागतो.

१७. इंटरनेटवर लोक काय मागतात ते वाचून हुरळू नकोस, विक्री झालेल्या किमती बघ – मागितली ती ओठावर, मिळाली ती हातावर.

१८. तासाभरात रोख घेऊन दारात येणाऱ्याला चहा पाज आणि ‘कळवते’ म्हण – त्याला घाई आहे, म्हणजे तुला ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे. मी तेव्हा ‘कळवतो’ म्हणालो नाही, ‘घेऊन जा’ म्हणालो.

१९. ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवून ‘वरचे परत कर’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नकोस – चेक खोटा असल्याचं बँकेला उशिरा कळतं, आणि तोवर तुझे खरे पैसे गेलेले असतात.

२०. लिलावात द्यायची तर कमिशन, किमान किंमत आणि न विकली गेल्यास परत आणण्याचा खर्च हे तिन्ही आधी लेखी घे – तोंडी बोलणं लिलावाच्या हातोडीखाली चिरडतं.

२१. पाठवणीचा खर्च सौद्याआधी विचार – टपाल खातं ७० पौंडांवर घेत नाही, यूपीएस १५० पौंडांवरचं साधं पार्सल घेत नाही. लाकडी पॅलेटवर बांधून ट्रकनेच जायला हवी.

२२. जाहिरातीत ‘घरात असं सांगतात’ आणि ‘कागदावर असं आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळींत लिही – एकत्र कालवल्या की जाणकाराचा खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

एवढं करूनही ती विकायचीच असं ठरलं, तर खुशाल विका. घंटा काही कुलदैवत नाही. ठेवलीत तरी बिघडत नाही, फक्त शेजाऱ्यांशी गोडीनं राहा. आज मात्र एकच काम कर : आकड्यांवर पेन्सिल फिरवून तो कागद मला पाठव, आणि पितांबरीचा डबा स्वयंपाकघरातच राहू दे.

तुझा,
मामा