ओसरीवरील रोपे

ज्याच्या घरी मिरचीच्या बियांची एकच पुडी आहे, त्याने ती उघड्या वाफ्यात टाकू नये. वळवाच्या एका सरीने सारे वाहून जाते. ओसरीवर, बुडाशी भोके पाडलेल्या जुन्या डब्यात माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग चाळून भरावे आणि बी नखभर खोल, विरळ पेरावे. टोमॅटो आठवड्यात उगवतो. मिरचीस १० ते १२ दिवस लागतात, तोवर उतावीळपणे माती उकरून पाहू नये. मोड दिसताच डबा उजेडात न्यावा. येथे बहुतेकांचा घात होतो तो दयेपोटी घातलेल्या फाजील पाण्याने: सदा ओल राहिली म्हणजे बुरशी लागून रोपे मातीलगत कोलमडतात. सकाळीच, वरची माती सुकल्यावर, शिंपडावे. लावणीपूर्वी आठवडाभर रोपांस उन्हाची सवय करावी. मुळा मात्र जागेवरच पेरावा. तो उपटून लावलेला सोसत नाही.