तुटण्याची हमी असलेला धागा

गिऱ्हाईक सूत हातात घेते तेव्हा पहिल्यांदा ताणून पाहते. टिकले तर माल चांगला, तुटले तर भाव खाली. पण जगात असाही एक बाजार आहे, जिथे कारखानदार आपला धागा अमुक वजनाच्या आत तुटेलच अशी हमी देतो, आणि गिऱ्हाईक नेमकी तीच हमी पाहून माल घेते. हा बाजार हौशी समुद्री मासेमारीचा आहे. सुताचा व्यवहार करणाऱ्या बांधवांनी तो समजून घ्यावा असा आहे.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला 'कीज' नावाची बेटांची लांब रांग आहे. तेथील इस्लामोराडा हे गाव या छंदाचे मोठे केंद्र. (नावावरून गैरसमज नको. स्पॅनिशमध्ये 'इस्ला' म्हणजे बेट आणि 'मोराडा' म्हणजे जांभळे.) किनाऱ्यापासून काही मैलांवर गल्फ स्ट्रीमचा उबदार, गडद निळा प्रवाह वाहतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापू लागले की या प्रवाहाबरोबर माही-माही जातीचे मासे थव्यांनी येतात. पाण्यावर तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळाच्या पट्ट्याखाली ते दबा धरून असतात. नावाडी वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून जागा हेरतो. भाड्याच्या लहान बोटीवर बहुधा सहाच गिऱ्हाइके घेतात. एक मासा गळाला लागला की त्याला लगेच वर काढत नाहीत, पाण्यातच ठेवतात. त्याच्या सोबतीने बाकीचा थवा बोटीजवळ थांबतो.

कोळ्याला मासा हवा असतो, म्हणून तो जाड दोरी घेतो. हौशी माणसाला झुंज हवी असते, म्हणून तो बारीक धागा घेतो. बारीक धाग्यावर मोठा मासा, हीच त्याची फुशारकी. आता फुशारकी आली की मोजमाप आले, आणि मोजमापाबरोबर तंटा आला. तो मिटवण्यासाठी 1939 साली आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना स्थापन झाली. ती धाग्याच्या वर्गाप्रमाणे विक्रम नोंदवते : 6 किलो, 8 किलो, 10 किलो, 15 किलो असे वर्ग आहेत. विक्रमाचा दावा करणाऱ्याने माशाच्या वजनाबरोबर आपल्या धाग्याचा तुकडाही पाठवायचा. संघटना तो पाण्यात भिजवून यंत्रावर तोडते. 10 किलोच्या वर्गातला धागा 10 किलोच्या वर टिकला, तर दावा वरच्या वर्गात ढकलला जातो. तिथे त्याच माशाला जास्त मोठ्या माशांशी टक्कर द्यावी लागते, आणि विक्रम बहुधा हातचा जातो.

म्हणजे मजबुती जास्त निघाली तर गिऱ्हाइकाचे नुकसान! आपल्या बाजारात असे कोणी म्हटले तर लोक हसतील.

पूर्वी हा धागा जवसाचा, म्हणजे लिननचा असे. त्याचा हिशेब आपल्या सूतवाल्यांना चटकन कळेल. भिजलेल्या एका पदराची ताकद 3 पौंड धरत. 9 पदरांचा पीळ म्हणजे 27 पौंड, 24 पदरांचा म्हणजे 72 पौंड. लिनन भिजल्यावर अधिक मजबूत होते, पण ओले राहिले तर कुजते. म्हणून रोज संध्याकाळी सगळा धागा उलगडून वाळवावा लागे. पुढे नायलॉनची एकेरी तार आली आणि वाळवणे संपले. नायलॉनची खोड उलटी : ते पाणी पिते व भिजल्यावर थोडे कमजोर होते. उन्हानेही खराब होते.

बारीक धागा टिकतो तो रिळाच्या ब्रेकमुळे. धाग्याच्या ताकदीच्या सुमारे एक तृतीयांश ओढीला रीळ सुटू लागेल असा ब्रेक लावतात. 20 पौंडी धाग्याला साडेसहा पौंडांच्या आसपास. उरलेली ताकद गाठीसाठी आणि हिसड्यासाठी राखून ठेवायची. शिवाय मासा दूर पळाला की रिळावरचे वेटोळे लहान होते व तोच ब्रेक जास्त ओढ मागतो. नवशिके अशा वेळी ब्रेक आणखी आवळतात आणि धागा गमावतात. जाणता मनुष्य तो सैल करतो.

व्यापाऱ्याने ध्यानात घ्यायची गोष्ट लेबलाची आहे. दोन रिळांवर '20 पौंड' लिहिलेले असते. साध्या रिळावर त्याचा अर्थ 'निदान एवढे तरी टिकेल', आणि तो धागा बहुधा 20 च्या बराच वर तुटतो. वर्गाच्या रिळावर तोच आकडा कमाल मर्यादा सांगतो. आकडा एक, वायदे दोन. साधे रीळ विक्रमवाल्याला विकले, तर माल मजबूत असूनही विक्रेता खोटा ठरतो. म्हणून चांगले कारखानदार हा भेद लेबलावर स्पष्ट छापतात आणि जाणते दुकानदार आधी विचारतात, 'खाण्यासाठी धरणार की नोंदीसाठी?' 1990 च्या दशकात पॉलिइथिलीनचा विणलेला धागा बाजारात आला. तो नायलॉनपेक्षा पुष्कळ बारीक, आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा बऱ्याचदा खूप जास्त टिकतो. त्यामुळे नोंदीवाले गिऱ्हाईक अजूनही वर्गाचे नायलॉनच मागते.