घराच्या छतावरील सौर वीज : खर्च, बचत व हिशेबाची रीत

शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न हंगामाप्रमाणे वर्षातून एकदोन वेळा हाती येते. विजेचे बिल मात्र दरमहा येते. घरात पंखे, शीतकपाट, दूरचित्रवाणी, मिक्सर, पाण्याची लहान मोटर ही साधने आल्यापासून हे बिल वाढतच गेलेले आहे. छतावर सौर पॅनेल बसवून हा खर्च कमी करता येतो, ही गोष्ट आता गावोगाव माहीत झाली आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले, तेव्हापासून याविषयीची चौकशी विशेष वाढली आहे.

परंतु शेजाऱ्याने तीन किलोवॅटचा संच बसविला म्हणून आपणही तेवढाच बसवावा, ही रीत योग्य नव्हे. अशाने बी-बियाणे व खते यांसाठी राखून ठेवलेले भांडवल छतावर अडकून पडते. संच लाभदायक ठरेल की नाही, आणि ठरल्यास तो केवढा असावा, हे छताच्या आकारावरून ठरत नसून त्या घराच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून ठरते. तो हिशेब कसा मांडावा हे पुढे दिले आहे. येथे केवळ घरगुती वीजजोडणीचा विचार केला आहे. शेतीपंपाची जोडणी व सौर कृषिपंपाच्या योजना स्वतंत्र असून त्यांचा हिशेब निराळा आहे.

संच व त्यापासून मिळणारी वीज

संचाचे मुख्य भाग चार : पॅनेल, त्यांना आधार देणारा लोखंडी सांगाडा, पॅनेलमधील वीज घरगुती उपकरणांस चालेल अशा स्वरूपात बदलणारा इन्व्हर्टर, आणि नेट मीटर. एक किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यापासून सुमारे ४ युनिट वीज मिळते. पावसाळ्यातील ढगाळ दिवस, धूळ व उन्हाळ्यात पॅनेल तापल्याने होणारी घट लक्षात घेऊन वर्षाला १,३५० युनिटांचा अंदाज धरणे सुरक्षित होय.

दिवसा घरात न वापरलेली वीज वितरण कंपनीच्या तारांत जाते व रात्री लागणारी वीज तेथून परत घेतली जाते. नेट मीटर या दोन्हींची नोंद ठेवतो. घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात व शिल्लक पुढील महिन्यात ओढली जाते. त्यामुळे एप्रिल-मेमधील शिल्लक श्रावणात उपयोगी पडते. मात्र आर्थिक वर्ष संपताना, म्हणजे मार्चअखेर, उरलेली युनिटे वीज नियामक आयोगाने ठरविलेल्या दराने विकत घेतली जातात, आणि तो दर घरगुती वापराच्या दराहून बराच कमी असतो. यावरून गरजेपेक्षा मोठा संच का घेऊ नये, हे लक्षात येईल.

दराचे टप्पे समजून घेणे अगत्याचे

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढील टप्प्यांचा दर चढत जातो. सौर विजेमुळे घेतलेली युनिटे कमी झाली की वजावट वरच्या, म्हणजे महाग टप्प्यापासून सुरू होते. म्हणून ज्या घराचा वापर १०० युनिटांच्या बराच वर आहे त्याचा पैसा लवकर सुटतो; ज्याचा वापर मुळातच त्याच्या आत आहे त्याचा उशिरा. स्थिर आकार मात्र संच बसविल्यावरही द्यावा लागतो, म्हणून तो बचतीत धरू नये.

खर्च व अनुदान

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत केंद्र शासनाने पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास अनुदानाची कमाल रक्कम ७८,००० रुपये आहे. योजनेचा कालावधी २०२६-२७ पर्यंतचा आहे. अनुदान संच बसवून त्याची तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. सबब आरंभी पूर्ण रकमेची तजवीज करावी लागते. अनुदानासाठी पॅनेल व त्यांतील सौर घट भारतात तयार झालेले असणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीचे दरपत्रक कोणी दाखविल्यास नवे मागावे.

दरमहा १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या गरजू कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०२५ साली पूरक अनुदानाची स्वतंत्र योजना मंजूर केली. अशा कुटुंबांनी अर्ज करण्यापूर्वी तिची चौकशी जवळच्या महावितरण कार्यालयात अवश्य करावी.

तीन घरांचा हिशेब

पुढील उदाहरणांत सोयीसाठी सर्व आकार मिळून पहिल्या १०० युनिटांस ६ रुपये व पुढील २०० युनिटांस १२ रुपये दर धरला आहे. दोन व तीन किलोवॅटच्या संचांची किंमत किलोवॅटमागे ६५,००० रुपये व एक किलोवॅटच्या लहान संचाची ७०,००० रुपये धरली आहे. प्रत्येकाने या जागी आपल्या बिलातील व आपणास मिळालेल्या दरपत्रकातील आकडे घालावेत.

पहिले घर. वापर दरमहा २२५ युनिट, म्हणजे वर्षाला २,७०० युनिट. पहिल्या १०० युनिटांचे ६०० रुपये व पुढील १२५ युनिटांचे १,५०० रुपये मिळून महिन्याचा खर्च २,१०० रुपये, वर्षाचा २५,२०० रुपये होतो. दोन किलोवॅटचा संच वर्षाला २,७०० युनिटे देतो. गरज पुरी होते. किंमत १,३०,००० रुपये, अनुदान ६०,००० रुपये, घरची रक्कम ७०,००० रुपये. ही रक्कम पावणेतीन वर्षांच्या सुमारास वसूल होते.

दुसरे घर. वापर दरमहा ९० युनिट. महिन्याचा खर्च ५४० रुपये, वर्षाचा ६,४८० रुपये. एक किलोवॅटच्या संचाची किंमत ७०,००० रुपये, केंद्राचे अनुदान ३०,००० रुपये, घरची रक्कम ४०,००० रुपये. ती वसूल होण्यास सहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. संच तोट्याचा नाही. परंतु हाती तेवढीच शिल्लक असेल, आणि विहिरीची दुरुस्ती किंवा दुभते जनावर यांसारखी निकडीची गरज असेल, तर आधी ती भागवावी. राज्याचे पूरक अनुदान मिळाल्यास मात्र हा काळ पुष्कळच कमी होतो.

तिसरे घर. वापर पहिल्या घराएवढाच, पण संच तीन किलोवॅटचा घेतला. किंमत १,९५,००० रुपये, अनुदान ७८,००० रुपये, घरची रक्कम १,१७,००० रुपये. म्हणजे पहिल्या घरापेक्षा ४७,००० रुपये जास्त गुंतले. त्याबद्दल वर्षाला १,३५० युनिटे अधिक मिळाली; पण ती घरात न लागल्याने मार्चअखेर विकली गेली. युनिटास ३ रुपये दर धरल्यास ४,०५० रुपये येतात. या हिशेबाने जादा गुंतलेले ४७,००० रुपये परत येण्यास साडेअकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. घरात लवकरच वापर वाढणार असेल तरच असा संच घ्यावा.

पंचवीस वर्षांचा ताळेबंद

पॅनेलच्या उत्पादनाची हमी बहुधा २५ वर्षांची असते व त्यांची शक्ती दरवर्षी अर्धा ते एक टक्क्याच्या दरम्यान घटते. इन्व्हर्टरचे आयुष्य मात्र साधारणतः दहाबारा वर्षांचेच असते. ही बाब विक्रेते क्वचितच सांगतात. पहिल्या घराचा दीर्घ मुदतीचा हिशेब असा :

खर्च
आरंभीची घरची रक्कम : ७०,००० रु.
इन्व्हर्टर दोन वेळा बदलणे (प्रत्येकी २५,००० रु. धरून) : ५०,००० रु.
पहिल्या पाच वर्षांनंतर २० वर्षे देखभाल (वर्षाला १,५०० रु. धरून) : ३०,००० रु.
एकूण : १,५०,००० रु.

बचत
घट लक्षात घेऊन वर्षाला सरासरी २३,००० रु., २५ वर्षे : ५,७५,००० रु.

निव्वळ बचत : ४,२५,००० रु.

विजेचे दर वाढल्यास बचत वाढेल. परंतु वीस वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे मोल आजच्या रुपयाइतके नसते, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून दरवाढ गृहीत धरून फुगविलेल्या आकड्यांवर विसंबू नये.

कर्ज काढून संच घ्यावयाचा असल्यास एकच कसोटी लावावी : मासिक हप्ता महिन्याच्या बचतीपेक्षा कमी असावा. पहिल्या घराने ७०,००० रुपये ७ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १,३९० रुपये पडतो व बचत २,१०० रुपये होते, कर्ज झेपते. दुसऱ्या घरास ४०,००० रुपयांचा हप्ता सुमारे ७९० रुपये पडेल व बचत अवघी ५४० रुपये होईल. तेथे कर्ज काढू नये.

जागा व निगा

पॅनेलची तोंडे दक्षिणेस असावीत व महाराष्ट्रात त्यांचा उतार सुमारे १५ ते २० अंश ठेवावा. झाड, पाण्याची टाकी किंवा कठडा यांची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्याशी ओळीने जोडलेल्या इतर पॅनेलांचे उत्पादनही घटू शकते. पत्र्याचे किंवा कौलारू घर असल्यास वासे व आढे भार आणि वारा सोसतील याची जाणकाराकडून आधी खात्री करून घ्यावी. अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करू नये.

मळणीचा भुसा, उसाचे पाचट जाळल्याने उडणारी काजळी, गुऱ्हाळाचा धूर, कच्च्या रस्त्याची धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांमुळे उत्पादन घटते. पॅनेल सकाळी लवकर किंवा सायंकाळी मऊ फडक्याने धुवावीत. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. क्षारयुक्त बोअरचे पाणी वापरल्यास पांढरे डाग राहतात. ते लगेच पुसून घ्यावेत.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बॅटरी नसलेला संच, बाहेरची वीज गेली की, आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून ही योजना केलेली असते. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरी लागते. तिचा व ती काही वर्षांनी बदलण्याचा खर्च वेगळा धरावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

प्रथम इच्छुक कुटुंबाची मागील बारा महिन्यांची बिले जमवून युनिटांची बेरीज करावी व तिला १,३५० ने भागावे. येणारी संख्या म्हणजे संचाची किलोवॅटमधील कमाल क्षमता होय. बिलावरील नाव, आधार व बँक खाते यांचा मेळ पाहावा. अनेक घरांत जोडणी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असते. ती अर्ज करण्यापूर्वीच बदलून घ्यावी. विक्रेता योजनेत नोंदणीकृत आहे ना हे पाहून निदान तीन दरपत्रके मागवावीत. पॅनेल व इन्व्हर्टर यांची हमी, तसेच पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी घ्यावा. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये.

शेतात खताची मात्रा माती तपासून ठरवावी, तशीच छतावरील संचाची मात्रा बिल तपासून ठरवावी. गरजेइतका संच, झेपेल एवढे कर्ज व नियमित निगा ही तीन पथ्ये पाळणाऱ्या कुटुंबाच्या दरमहाच्या खर्चातील बराच भाग कायमचा वाचेल, व तो पैसा शेतीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी उपयोगी पडेल.