एकटेपणाचा पंचनामा

मालवण,
ज्येष्ठ वद्य 5

चि. मंदाकिनी हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा पोहोचला. तो मी एकदा दुपारी ओटीवर आणि एकदा रात्री दिव्यापाशी बसून सावकाश वाचला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांतील एकाकीपणाचा मनोविश्लेषणाच्या अंगाने शोध घ्यावा, ही बुद्धी आपल्या घरातल्या मुलीला झाली याचा मला अभिमान वाटतो. मात्र तिसऱ्या प्रकरणापाशी मी अडलो. लेखकाचे तेंडोलीतील बालपण, कुडाळातली खानावळ, मुंबई आकाशवाणीवरील नोकरी आणि 1976 साली, वयाच्या अवघ्या 46व्या वर्षी आलेले मरण, यांची जंत्री मांडून त्यातून प्रत्येक पात्राच्या एकाकीपणाचा उलगडा करण्याचा जो घाट तू तेथे घातला आहेस, त्याला माझी हरकत आहे. आणि ती मी कोणत्या अधिकाराने घेतो, हे आधी सांगितले पाहिजे.

माझे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेले, हे तू जाणतेस. एका तालुका कचेरीत मी नवखा कारकून असताना वारसनोंदीच्या प्रकरणात एक वृद्ध विधवा जबानीसाठी माझ्यापुढे बसली. नाव, गाव, वय लिहून झाल्यावर 'घरात कोण कोण?' असे मी विचारले, तेव्हा पदराचे टोक बोटाला गुंडाळीत ती म्हणाली, "मी एकटीच आसंय." मी तसे लिहिले आणि अंगठ्याचा ठसा घेतला. पुढे तलाठ्याचा दाखला आला, त्यात त्याच घरात दीर, जावा, पुतणे मिळून नऊ माणसे राहत असल्याचे नमूद होते. मी तिला पुन्हा बोलावले, खोटी जबानी दिल्याबद्दल चार कडक शब्द सुनावले आणि 'एकटी' हा शब्द तांबड्या शाईने खोडून त्यावर 'कुटुंबात माणसे नऊ' असे लिहिले. ती काही बोलली नाही, उठून गेली. तिने मनापासून सांगितलेला एवढा एकच शब्द त्या कागदावर होता, आणि तोच मी खोडला, हे उमगायला मला पुष्कळ वर्षे लागली. तुझे तिसरे प्रकरण वाचताना ती तांबडी रेघ मला पुन्हा दिसली. लेखकाच्या चरित्राचा दाखला हाती घेऊन पात्राची जबानी दुरुस्त करू पाहणारा समीक्षक मी त्या दिवशी केले तेच करतो.

म्हणून शास्त्र सोडून दे असे मी म्हणत नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली, तेव्हापासून ही विद्या आपल्या देशात रुजलेली आहे. तिला परकी मानून दूर सारण्याचे कारण नाही. फ्रॉइडने एका लहान मुलाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. अंधाऱ्या खोलीत निजलेले ते मूल पलीकडच्या खोलीतील मावशीला हाक मारून बोलायला सांगते, कारण कोणी बोलले की त्याला उजेड झाल्यासारखे वाटते. पुढे मेलनी क्लाइनचा एकाकीपणावरील निबंध तिच्या मृत्यूनंतर 1963 साली प्रसिद्ध झाला. भोवती माणसे असूनही, आणि त्यांची माया असूनही, जे एकटेपण आत उरते त्याचा तिने त्यात विचार केला आहे. परंतु तुझ्या कामी सर्वांत अधिक येईल तो विनिकॉट. मुलांचा डॉक्टर म्हणून आयुष्यभर माता आणि अर्भके पाहिलेल्या या मनुष्याने 1958 साली असे मांडले की, एकटे राहता येणे ही एक शक्ती आहे, आणि ती आईच्या सान्निध्यात, ती जवळ असताना तिच्याकडे लक्षही न देता आपल्या खेळात रमलेल्या मुलाच्या ठायी प्रथम अंकुरते. हे जवळ असणे ज्याला कधी लाभले नाही, त्याला भरल्या घरातही एकटेपणा खातो. माझ्यापुढे बसलेल्या त्या वृद्धेचे दुखणे हेच होते; नऊ माणसांत जवळ असणारे एकही नव्हते.

आता ही दृष्टी घेऊन 'कोंडुरा' पुन्हा उघड. 1966 सालची ही कादंबरी तू दैवी साक्षात्कार आणि दडपलेली कामवासना यांच्या झगड्यात बसवली आहेस, आणि ते खोटे नाही; ब्रह्मचर्याचे बंधन कथेच्या गाभ्याशीच आहे. परंतु कथेचा नायक परशुरामतात्या समुद्राकडे गेला तो घरातून मन उठल्यावर गेला, हे विसरू नकोस. फ्रॉइडच्या त्या मुलाला अंधारात मावशीचा आवाज तरी मिळाला. ज्याच्या अंधारात घरचे कोणीच बोलत नाही, त्याच्याशी अखेर समुद्र बोलू लागतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला, कातळात घुसणाऱ्या लाटांचा घोष ज्याने मध्यरात्री ऐकला आहे, त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. पुढे गाव त्याला देवमाणूस ठरवते. पायाशी बसणारे वाढत जातात, शेजारी बसणारे कोणी उरत नाही. त्याचा खरा विनाश मला तेथे दिसतो, व्रत मोडण्यात तितका दिसत नाही. या जागेवर तू चार ओळी लिहिल्या आहेस. चाळीस पाने लिही.

'चानी'विषयी मात्र तुझे विवेचन मला उथळ वाटले, आणि हे मी स्पष्ट सांगतो, कारण 1970 सालच्या त्या लहानशा पुस्तकावर माझे फार प्रेम आहे. चानी म्हणजे आपल्याकडची खार. गोऱ्या साहेबाच्या अत्याचारातून जन्मलेल्या, सोनेरी केसांच्या त्या मुलीला गाव वाळीत टाकते, हे तू 'सामाजिक बहिष्कार' या दोन शब्दांत उरकले आहेस. पण तिच्या आईवर अत्याचार झाला तेव्हा हे गाव काय करीत होते, असा प्रश्न विचार. आपल्या बायामाणसांचे रक्षण आपल्याला करता आले नाही, ही नामुष्की ज्या समाजाला आपल्या आत सोसवत नाही, तो ती उचलून त्या पोरीच्या अंगावर टाकतो आणि मग तिला अशुद्ध म्हणून हाकलतो. मनोविश्लेषणात ज्याला प्रक्षेपण म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही. तिचे केस म्हणजे गावावरचे चालतेबोलते आरोपपत्र आहे. आणि तिला कोण पाहतो? एक लहान मुलगा. त्याच्या नजरेपुढे ती मुलगी असते, इतरांपुढे ती कलंक असते. ही नजर होती म्हणूनच ती कादंबरी झाली.

जयवंत दळवींच्या नाटकातला 'बॅरिस्टर' तू परिशिष्टात घातला आहेस, तो मुख्य भागात आण. विलायतेत शिकलेला, सुधारणेचा कैवार घेणारा तो मनुष्य घराण्यातील वेडाच्या भयाने ग्रासलेला आहे, आणि विधवेला हात देण्याची घटका आली तेव्हा तो हात मागे घेतो. वाडवडिलांचे न रडलेले दुःख पुढच्या पिढीच्या अंगात कसे उतरते, हे आरवलीच्या या लेखकाने पुरते जाणले होते.

एक सावधगिरी मात्र बाळग. आपल्या मुलखाचा एकटेपणा सगळाच मनाच्या तळघरातला नाही. माझ्या लहानपणी मुंबईची आगबोट पावसाळ्याच्या तोंडाशी बंद होई, आणि नारळी पौर्णिमा होईपर्यंत बंदर मिटलेले राही. गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या बायका त्या महिन्यांत मनिऑर्डरीची वाट पाहत, भात लावीत, आणि सासरच्या भरल्या घरात कोणाशी बोलत नसत. माझी एक आते त्यांतलीच होती. ती मला माजघरात शेजारी बसवून म्हणे, "हयसर गप बसून रव," आणि मग तासन्‌तास वाल सोलीत बसे. तिला माझ्याकडून काही ऐकायचे नव्हते आणि मला काही सांगायचेही नव्हते. विनिकॉट मी पुष्कळ उशिरा वाचला. तो मला लगेच कळला, कारण त्या माजघरात मी बसलो होतो.

तेव्हा लेखकाच्या चरित्राचे ते प्रकरण काढून टाक. प्रत्येक पात्रापाशी थांबून, याच्या जवळ कोण बसले होते आणि कोण उठून गेले, एवढे विचार. ज्या ठिकाणी उत्तर मिळणार नाही, ते ठिकाण आपल्या सिद्धान्ताने भरू नकोस. कोरे ठेव, आणि कोरे का ठेवले ते लिही.

चतुर्थीला सगळे येतील तेव्हा घरात बसायला जागा राहणार नाही, म्हणून त्याआधी श्रावणात चार दिवस ये. 'चानी'ची माझी प्रत माळ्यावरून काढून ठेवली आहे. ती तू माजघरात बसून सबंध वाच. मी शेजारी असेन आणि मध्ये बोलणार नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा