पोपटांचे बेट

हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे 560 किलोमीटर अंतरावर रॉड्रिग्ज नावाचे एक लहानसे बेट आहे. त्या बेटावरील एका मोठ्या पोपटाची ही हकीकत आहे. त्याचे एखादे पीसही आज कोठे उरलेले नाही. तरीही असा पोपट होता, हे आपण निश्चयाने सांगू शकतो. ते कसे, ते पाहू.

सन 1691 मध्ये फ्रान्स्वा लेगा नावाचा एक फ्रेंच गृहस्थ काही सोबत्यांसह या निर्जन बेटावर उतरला. धर्मासाठी त्याला मायदेश सोडावा लागला होता. ही मंडळी तेथे दोन वर्षे राहिली. बेटावर पोपटांचे थवेच्या थवे होते. त्यांना बोलावयास शिकवणे हा या एकाकी माणसांचा मोठा विरंगुळा होता. त्यांनी मॉरिशसला नेलेला एक पोपट तर फ्रेंच आणि फ्लेमिश अशा दोन भाषा बोलत असे! मात्र हीच माणसे पोपटांची पिले आवडीने खातही असत.

पुढे बेटावर जहाजांची ये-जा वाढली. रान तुटले, जळाले. जहाजांतून आलेले उंदीर आणि मांजरे यांनी पक्ष्यांना सळो की पळो केले. 1761 साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी पेंग्रे हा खगोलशास्त्रज्ञ तेथे गेला. लहान पोपट दुर्मिळ होत चालले असून मोठे त्यांहूनही थोडे उरले आहेत, असे त्याने लिहिले. दक्षिणेकडील एका चिमुकल्या बेटाला मात्र तेव्हाही 'पोपटांचे बेट' म्हणत. त्यानंतर मोठ्या पोपटाविषयी कोणी काही लिहिले नाही.

शंभर वर्षे लोटली. रॉड्रिग्जच्या मातीत चोचीच्या वरच्या भागाचा एक तुकडा सापडला. मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने 1867 साली तो अभ्यासून सांगितले, की ही चोच एका मोठ्या, नष्ट झालेल्या पोपटाची आहे. पण तो राहत कोठे होता, खात काय होता, हे हाड कसे सांगणार?

सात वर्षांनी, 1874 मध्ये, फ्रान्समधील जुन्या दप्तरात एक हस्तलिखित हाती आले. 1726 च्या सुमारास रॉड्रिग्जवर काही महिने काढलेल्या ताफोरे या प्रवाशाचे ते मानले जाते. त्यात लिहिले होते : येथील सर्वांत मोठा पोपट कबुतराहून मोठा असून त्याची शेपटी फार लांब, डोके व चोच मोठी आहे. तो बहुधा दक्षिणेकडील लहान बेटांवर राहतो, एका झुडपाचे बारीक काळे बी खातो आणि पाणी पिण्यासाठी मुख्य बेटावर येतो. जवळजवळ दीडशे वर्षे दप्तरात पडून राहिलेल्या त्या कागदाची आणि मातीतील हाडाची अशी गाठ पडली.

ताफोरे काही शास्त्रज्ञ नव्हता. त्याने जे पाहिले, तेवढेच नीट लिहून ठेवले. म्हणून तो पोपट पाणी पिण्यासाठी समुद्रावरून उडत येई, हे आज आपल्याला कळते. परंतु ते दृश्य आता कोणालाही दिसावयाचे नाही.

स्वाध्याय
1. लेगा व त्याचे सोबती पोपटांशी कोणत्या दोन प्रकारांनी वागले? त्याविषयी तुम्हांला काय वाटते?
2. हाडावरून न कळणाऱ्या कोणत्या गोष्टी हस्तलिखितामुळे कळल्या?
3. तुमच्या परिसरातील एका पक्ष्याचे आठ दिवस निरीक्षण करा व जे दिसेल तेवढेच लिहा.