चाळिशीतील विद्यार्थी

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मिरा-भाईंदर हे शहर वसले आहे. मिठागरे आणि भातशेती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात आता उंच इमारतींची दाटी झाली आहे. काशीमिऱ्याच्या बाजूस चित्रपटांचे व मालिकांचे चित्रीकरण करणारे स्टुडिओही उभे राहिले आहेत. अशा स्टुडिओत कोणी दिवे लावतो, कोणी कॅमेरा चालवतो, कोणी फिल्म जुळवतो. यांपैकी पुष्कळ जण आपले काम एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून शिकलेले असतात. अशा शिकण्यास उमेदवारी म्हणतात. हल्ली महाविद्यालयातील कित्येक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाऊन अशी उमेदवारी करतात, आणि फावल्या वेळात तो देशही पाहून येतात. आपल्या देशातील चित्रपटाचा धंदाही अशाच एका परदेशी उमेदवारीतून उभा राहिला. मात्र ती करणारा विद्यार्थी एकेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याच्यापाशी ना सुट्टी होती, ना शिष्यवृत्ती. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे लोक त्यांना दादासाहेब फाळके म्हणू लागले.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. मुद्रणाच्या कामासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले होते. परंतु भागीदारांशी न पटल्यामुळे त्यांनी चालता छापखाना सोडला. अशा पडत्या काळात मुंबईतील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची चित्रे सरकत होती. दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर का दिसू नयेत, या एका प्रश्नाने त्यांना झपाटले. दुसऱ्या दिवशी ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तो खेळ पाहण्यास गेले.

त्यानंतर चित्रपट पाहणे आणि त्याविषयी मिळेल ते वाचणे हाच त्यांचा दिनक्रम झाला. डोळ्यांवर इतका ताण पडला की, काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. औषधोपचाराने ती परत आली. पण पुस्तके वाचून हे काम येणार नाही हेही त्यांना कळून चुकले. ते प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, हाताने केले पाहिजे. त्यासाठी इंग्लंडला जाणे भाग होते. घरात लहान मुले, आणि हाती पैसा नाही. अखेर त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले. कुटुंबाचा उद्याचा आधारच त्यांनी पणास लावला. सरस्वतीबाईंनी त्यांस साथ दिली. १ फेब्रुवारी १९१२ रोजी दादासाहेब बोटीने इंग्लंडला निघाले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिली या गजबजलेल्या भागात फिरत असताना त्यांची नजर एका पाटीवर खिळली. ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे कार्यालय होते. मुंबईत असताना दादासाहेब याच साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना त्यांनी आपला हेतू सांगितला. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. इंग्लंडातही या धंद्यात अनेकांना यश आलेले नाही, हिंदुस्थानची हवाही त्यास मानवणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु दादासाहेबांचा निर्धार पाहून त्यांचे मन पालटले. त्यांनी दादासाहेबांची गाठ सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी घालून दिली.

हेपवर्थ यांचा स्टुडिओ टेम्स नदीकाठच्या वॉल्टन या गावी होता. या परक्या पाहुण्यास त्यांनी आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग मोकळेपणाने दाखवले; चित्रीकरण कसे करतात याचे प्रात्यक्षिकही दाखवले. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे असत. यंत्राचे दाते त्या छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढीत, आणि दर सेकंदास सुमारे १६ चित्रे टिपली जात. हात मंद झाला किंवा घाई झाली, की पडद्यावरील माणसांची चाल बिघडे. असे काम पुस्तकात कितीही वाचले, तरी ते हातालाच शिकावे लागते.

पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून दादासाहेब १ एप्रिल १९१२ रोजी स्वदेशी परतले. अवघ्या दोन महिन्यांत प्रवासासह सारे उरकले होते. खरी परीक्षा यापुढेच होती. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि ठरावीक अंतराने त्यांची चित्रे घेतली. महिनाभर चाललेली वेलाची वाढ पडद्यावर क्षणभरात दिसू लागली, तेव्हा पैसे देणारे पुढे आले. विलायतेत जे शिकले, ते दादासाहेबांनी घरी शिकवले. सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुण्याचे कामही करीत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत. दादरला आणि ठाणे जिल्ह्यातील वांगणी येथे चित्रीकरण झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला. भारतातील पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

१९१४ साली दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. या वेळी त्यांच्यासोबत स्वतःचे चित्रपट होते. ते पाहून तेथील जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली, आणि इंग्लंडातच राहून चित्रपट काढावेत असे त्यांना सुचवण्यात आले. दादासाहेबांनी ते नाकारले. ज्या देशासाठी विद्या मिळवली, तेथेच ती रुजवावी अशी त्यांची धारणा होती.

परदेशी जाणारा माणूस अनेक वस्तू घेऊन परततो. दादासाहेबांनी आणलेला कॅमेरा कालांतराने जुना झाला. परंतु त्यांनी आणलेली विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. आज काशीमिऱ्याच्या स्टुडिओत एखादा नवखा मुलगा जाणत्याच्या शेजारी उभा राहून कॅमेरा धरण्यास शिकतो, तेव्हा तीच उमेदवारी पुढे चालू असते.

स्वाध्याय
१. उमेदवारी म्हणजे काय? पाठाच्या आधारे सांगा.
२. कॅबोर्न यांचे मन का पालटले?
३. सरस्वतीबाईंच्या साहाय्यावाचून दादासाहेबांचे कार्य सिद्धीस गेले असते का? आपले मत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखादा कारागीर आपले काम कोणापासून व कसे शिकला, ते त्यास विचारून दहा ओळी लिहा.